पहिल्या रांगेतला दगड

१९८५ साली त्या घरात तीन माणसं राहत होती आणि दाराला कुलूप लागत नव्हतं.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दारामागे खुंटी, खुंटीवर एक कातडी कोट. कोट थोरल्याचा, म्हणजे घरातल्या मोठ्या मुलाचा. तो दोन माणसांच्या लहानशा विमानातून डोंगरापलीकडच्या वस्त्यांना टपाल आणि औषधं पोचवायचा. चार वर्षांपूर्वी एका सकाळी चांगलं ऊन पडलेलं पाहून "आज कशाला हे ओझं" म्हणत तो कोट खुंटीवरच ठेवून निघाला. दुपारी डोंगरावर ढग उतरले. विमान ना पलीकडे पोचलं, ना अलीकडे परतलं. काही दिवस शोध झाला. मग कार्यालयातून दोन माणसं आली, टोप्या हातात धरून उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली की आता शोध थांबवावा लागतोय.

आईने त्यांना पाणी दिलं, जिन्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन सुनेला म्हणाली, "आजपासून दाराला कुलूप लावायचं नाही. त्याची किल्ली कोटाच्या खिशात राहिलीय. आला तर आत कसा येणार?"

तेव्हापासून घर एकटं सोडायचं नाही हा नियम झाला. एक बाहेर गेली की दुसरी घरात. सासूसून चार वर्षांत एकदाही जोडीने बाहेर पडल्या नव्हत्या. आणि थोरला गेला, हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. तो आला की भिंतीला रंग काढू, तो आला की पंखा बदलू, असंच बोलणं चाले.

सुनेला धाकटा दीर वहिनी म्हणे, म्हणून आपणही तिला वहिनीच म्हणू. वहिनी लोकरी कपड्यांच्या कारखान्यासाठी नक्षी काढायची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा, त्यातून पान, हरिण, काय हवं ते उमटायचं आणि कारखान्यातल्या यंत्रावर तेच स्वेटरच्या छातीवर उतरायचं. हे काम ती घरी बसून करी. पण त्या वर्षी कारखान्याने दुसऱ्या गावात मोठा विभाग उघडला आणि तिथल्या नक्षीकामाच्या मास्तरांनी तिला बोलावलं. "हाताखाली चार मुली देतो, राहायला खोली देतो. महिनाअखेरीपर्यंत सांगा. तुम्हाला जमत नसेल तर दुसरी बघावी लागेल."

वहिनीला जायचं होतं. ती तिशीची होती आणि त्या खोलीत तिला कधी कधी श्वास पुरत नसे. पण जाते म्हणणं म्हणजे तो येणार नाही म्हणणं. ते सासूबाईंच्या तोंडावर म्हणायचं कसं? दिवस सरत होते आणि तिने मास्तरांना होही कळवलं नव्हतं, नाहीही.

राहिला धाकटा. त्याला सगळे खटखट्या म्हणत, कारण लहानपणापासून टेबल, डबे, खिडकीचे गज, जे हाताशी येईल ते तो बोटांनी वाजवायचा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे दोघांचं अरेतुरे होतं. आता तो रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तिथे कोणीतरी दुरुस्तीला टाकलेला आणि परत न नेलेला एक घरगुती कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. मालकाने "ने बाबा, तुला काही कळलं तर" म्हणत तो त्याच्या गळ्यात मारला.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा पाटीएवढा काळा डबा आणि त्यावर रबरी बटणं. पडदा नाही, तो घरच्या टीव्हीला जोडायचा. आत काही साठून राहायचं नाही. बंद केला की सगळं पुसलं. म्हणून प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचा आणि टेपरेकॉर्डर जोडून पुन्हा आत घ्यायचा. त्या वेळी जो आवाज यायचा, तो ऐकून सासूबाई पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या.

"अरे, मांजर सापडलं की काय कशात?"

"प्रोग्रॅम आत जातोय, आई."

"मग जरा हळू घाल की त्याला!"

खटखट्याने गेम लिहायला घेतला. नाव 'डोंगरापार'. एक छोटं विमान, खाली डोंगरांची रांग, समोरून शत्रूची विमानं. त्यांना गोळ्या घालायच्या, डोंगराला न धडकता पुढे जायचं. खरं म्हणजे विमान पडद्यावर जागच्या जागीच असे, थोडं वर, थोडं खाली. डोंगरच उजवीकडून डावीकडे सरकत राहायचे. मोठ्या भावाबद्दल तो काही बोलत नसे, पण गेम काढला तो विमानाचाच.

चित्र मात्र त्याला जमेना. त्याचं विमान बुटासारखं दिसे.

"हे काय, चप्पल उडवतोयस का?" वहिनीने खांद्यावरून डोकावत विचारलं.

"हस तू. आठ चौकोन आडवे, आठ उभे, एवढ्या एका चौकटीत सगळं बसवायचं असतं. चौकोन भरला की उजेड, रिकामा ठेवला की अंधार."

"मग त्यात काय एवढं? एक सुलट, एक उलट." तिने त्याच्या हातून पेन्सिल घेतली आणि बघता बघता त्याला शेपटी, पंख आणि नाक असलेलं विमान काढून दिलं. खटखट्या चाट पडला. त्या दिवसापासून गेमची चित्रं वहिनीकडे आली.

पहिल्या डोंगररांगेसाठी तिला विचार करावा लागला नाही. थोरला जेवणानंतर आई आणि वहिनीसमोर टेबलावर मूठ ठेवायचा, बोटांची पेरं वर करून, आणि म्हणायचा, "हे बघ, माझा रस्ता असा. हे पहिलं बोट बुटकं, याच्या डोक्यावरून सरळ जायचं. दुसरं उंच. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये खोबण आहे, तिथे वारा लागत नाही. चुकून ढगात सापडलो तर तिथे शिरेन." वहिनीने ती मूठच कागदावर काढली. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मधल्या खोबणीत, उतारावर, एका चौकटीत तिने थोडे चौकोन वेगळे भरले. एक तिरकी काठी, तिला आडवा लहान दांडा.

"हे काय गं?" खटखट्याने विचारलं.

"दगड."

"एवढ्याशा दगडाला वेगळी चौकट? मेमरी चिमूटभर आहे, वहिनी. एकदा वापरायची चौकट म्हणजे चैन."

"असू दे. एकच आहे."

असू दिला त्याने. वहिनीच्या मनात होतं की तो कोणाला दिसणार नाही. पहिली रांग भराभर सरून जाते आणि खेळणाऱ्याचं लक्ष समोरच्या शत्रूवर असतं. डोंगराकडे कोण बघतं? दुसरी रांग तिने दातेरी काढली, तिसरी नुसत्या सुळक्यांची. त्यांत असं काही नव्हतं.

गेम चालू झाला आणि सासूबाईंच्या बातम्या बंद झाल्या, कारण टीव्ही एकच. एका दुपारी त्या पदराला हात पुसत समोर येऊन बसल्या.

"माझ्या बातम्या गिळल्यास त्या गिळल्यास, निदान हे काय आहे ते तरी दाखव."

खटखट्याने दाखवलं. वर, खाली, गोळी.

"आणि ही समोरून येणारी कोण?"

"शत्रू."

"काय केलं त्यांनी?"

"काही नाही केलं. समोरून येतात म्हणून शत्रू."

"मग बाजूला व्हायचं. त्यात मारायचं काय?"

खटखट्याने कपाळावर हात मारून घेतला. पण सासूबाई खरोखरच बाजूला होत गेल्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. डाव्या हाताने एक वायर उपटायची, उजव्याने दुसरी खोचायची, कानाने तिसरीकडे लक्ष, अशी सवय झालेली बोटं. दोन-चार दिवस विमान आपटलं, मग आपटेना. त्या रोज दुपारी भांडी आवरून बसायच्या, चष्मा नाकावर सरकवायच्या आणि एकही गोळी न झाडता उडवत राहायच्या. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले.

"आई, तुझी दुपारची झोप गेली वाटतं?" खटखट्या चिडवायचा.

"झोपायला काय, आहेच की सगळं पुढे," त्या म्हणायच्या. पडद्यावरची नजर हलायची नाही.

वहिनी त्या वेळी आतल्या खोलीत कागदावर वाकून बसलेली असे. बाहेर जात नसे. ती मूठ पडद्यावर सरकताना तिला बघवत नव्हती.

मग कॅसेटवाला आला. गाण्यांच्या कॅसेटचा व्यापारी, आता गेमच्याही विकायला लागला होता. गडी गोल, बोलणं त्याहून गोल. तो येऊन खुर्चीत मावेल तसा बसला तेव्हा सासूबाई खेळत होत्या.

"वा आजीबाई! पण गोळी झाडा की, गोळी!"

"तुम्ही झाडा तुमच्या घरी. मला काम आहे."

कॅसेटवाला हसला, पण बघत राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "काय हो, डोंगर एवढेच? बदलत नाहीत?"

"बदलतात ना, तीन रांगा आहेत," खटखट्या म्हणाला आणि पडद्याकडे बघून त्याची बोटं थबकली. बुटकं, उंच, खोबण. पुन्हा बुटकं, उंच, खोबण. त्याने डोक्याला हात लावला. "आई! तू एवढे दिवस पहिल्याच रांगेत फिरतेयस?"

"आणखी आहे का काही पुढे?"

झालं होतं असं, की पुढची रांग कधी आणायची हे ठरवताना खटखट्याने पाडलेली विमानं मोजली होती, कापलेलं अंतर मोजलंच नव्हतं. एकालाही न पाडता कोणी एवढा वेळ हवेत राहील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सासूबाईंनी कोणाला पाडलं नाही, म्हणून कॉम्प्युटरने त्यांना तीच रांग पुन्हा पुन्हा दाखवली.

"ते बदल नाहीतर राहू दे, आजीबाईंसारखं गिऱ्हाईक एकच," कॅसेटवाला उठत म्हणाला. "पण स्फोट मोठा कर बाबा. हा तुझा स्फोट म्हणजे पापड मोडल्यासारखा. मुलांना पडदा हादरल्यासारखा वाटायला हवा. परवा कॅसेट दे, मी प्रती काढायला टाकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी खटखट्या सगळे चौकटीचे कागद जमिनीवर पसरून बसला. मोठ्या स्फोटाला जागा हवी आणि जागा म्हणजे तसूभरही शिल्लक नव्हती. त्याने बोट फिरवत फिरवत आणलं आणि थांबवलं.

"वहिनी, हा तुझा दगड काढतो. त्याच्या जागी साधा उतार टाकला की भागतं."

वहिनी आतल्या दारात उभी होती. का नको, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. सासूबाई खिडकीपाशी शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर. चार वर्षं जे कोणी बोललं नाही ते एका चौकटीसाठी बोलायचं? आणि मास्तरांना उत्तर द्यायचे दिवसही संपत आले होते. तिला वाटलं, जाऊ दे, काहीच आपल्या हातात राहायचं नाही, तर हे तरी कशाला.

"काढ," ती म्हणाली.

"काढायचा नाही," खिडकीतून आवाज आला.

खटखट्याने वळून पाहिलं. "आई, एका दगडासाठी मी कुठे—"

"तो दगड नाही."

"वहिनीनेच सांगितलंय, दगड आहे म्हणून!"

"तुला सांगितलंय. मला नाही." सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला केलं आणि सुनेकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "काय आहे गं ते?"

वहिनीने दाराची चौकट धरली.

"शेपटी," ती म्हणाली. "विमानाची." आणि एकदा शब्द बाहेर पडल्यावर मागचेही थांबेनात. "तो तिथे आहे असं मी धरलंय, आई. तो परत येणार नाही. मला माहीत आहे, येणार नाही. मग कुठेतरी ठेवायला हवाच होता ना त्याला? मी तिथे ठेवला."

खटखट्याची बोटं कागदावर नुसती पडून होती.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मध्ये," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"वारा लागत नाही तिथे."

"म्हणूनच."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पण पुन्हा लावला नाही. "पहिल्यांदा नजर पडली तेव्हा वाटलं, त्या टीव्हीत वरवंटा घालावा. म्हटलं, हिची हिंमत कशी झाली! दुसऱ्या दिवशी वाटलं, एकदा नीट बघून यावं. मग रोजच जायला लागले. ती मेली विमानं मधे मधे येतात, पण त्यांना चुकवलं की जाता येतं." त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला. "चार वर्षं मी त्याला सगळीकडे बघत होते गं. जिन्यात पाऊल वाजलं, की तो. रस्त्यात पाठमोरा कोणी दिसला, की तो. सगळीकडे बघायचं म्हणजे माणूस फार दमतं. आता एकाच जागी जायचं असतं. जाऊन आलं, की बरं वाटतं."

वहिनी खाली बसली आणि त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने रडली. सासूबाईंनी तिला गप्प केलं नाही. त्या उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या, एवढंच. खटखट्या कागद गोळा करू लागला, मग अर्ध्यात सोडून तोही तिथेच भिंतीला टेकला.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी विचारलं, "त्या मास्तरांना काय कळवलंस?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलंय मी. न सांगितलेलंही ऐकू येतं. काय कळवलंस?"

"अजून काहीच नाही."

"मग उद्या चल. मी येते बरोबर. खोली देतो म्हणतोय ती बघून घेऊ. नुसतं खोली म्हणतात आणि कोंबड्यांचं खुराडं देतात."

"आणि मला कॅसेट द्यायला जायचंय," खटखट्या म्हणाला. "मग घरी कोण?"

सासूबाईंनी शेंगांचं ताट पुन्हा पुढे ओढलं.

सकाळी तिघं तयार झाली. कुलूप माळ्यावरच्या खोक्यात सापडलं, गंजलेलं. खटखट्याने त्यात तेल सोडलं. सासूबाई दारामागे गेल्या. कोटाच्या खिशात हात घातला आणि तो हात बराच वेळ तसाच आत राहिला. मग त्यांनी किल्ली बाहेर काढून सुनेपुढे धरली.

"लाव तू. माझा हात नीट चालायचा नाही."

वहिनीने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. सासूबाईंनीही एकदा ओढून पाहिलं. मग तिघं जिना उतरली.

'डोंगरापार' बाजारात आला तो छोट्याच स्फोटासह. कॅसेटवाला म्हणाला होता, "पापड तो पापडच राहिला की रे!" तरी कॅसेट बऱ्या खपल्या. पाडलेली विमानं मोजायची चूक खटखट्याने दुरुस्त केली नाही. आईने करू दिली नाही. कॅसेटवाल्याने पुढे सीडी विकल्या, मग मोबाइलची कव्हरं. त्याच जागी, तसाच गोल बसून.

खटखट्या एका मोठ्या कंपनीत लागला आणि तिथून निवृत्त झाला. खुंटीवरचा कोट त्याने स्कूटरवर घालून घालून कोपरावर फाडला, वहिनीने ठिगळ लावलं, पुन्हा फाडला. त्याची नात जेवताना ताट वाजवते तेव्हा तो तिला दटावत नाही.

सासूबाई सुनेबरोबर त्या दुसऱ्या गावी राहायला गेल्या. खोली खरंच खुराडं होती. मास्तरांशी भांडून त्यांनी दुसरी मिळवली. टीव्हीही नेला, काळा डबाही. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना पडद्यावरचं दिसेनासं झालं, तरी दुपारी वहिनीने गेम लावायचा आणि त्यांनी बटणांवर बोटं ठेवायची. विमान आपटलं की विचारायच्या, "खोबण आली होती का?" वहिनी हो म्हणायची. नेहमी खरं असे, असं नाही. १९९७ साली त्या झोपेत गेल्या.

वहिनीने पुढे तो सगळा विभाग सांभाळला. तिने काढलेली हरणं कोणाकोणाच्या छातीवर फिरली, त्याची गणती नाही. पुन्हा लग्न केलं नाही. विचारणारे होते, तिने विचारही केला होता, पण राहून गेलं. आता तिचे डोळे चौकोनांना पुरत नाहीत.

थोरला सापडला नाही. विमानही नाही. कोणी नवं माणूस घरी आलं आणि विचारलं, की तुमचे यजमान कुठे असतात, तर वहिनी टेबलावर मूठ ठेवते, पेरं वर करून, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने जागा दाखवते.